प्रेअरीच्या सातबाऱ्यावर कायमचा बोजा : लँड ट्रस्टच्या मदतीनं कुरण कसं राखायचं

"म्हणजे जमीन ट्रस्टला देऊन टाकली म्हणायची!" गणपतीत कुणाकडे जेवायला बसलो आणि आमच्या कुरणाचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या फ्लिंट हिल्समध्ये अर्धं सेक्शन, म्हणजे ३२० एकर प्रेअरी, मूळ गवताचं कुरण घेतलं. (एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. इथल्या जमिनीचा सगळा हिशोब या चौकोनांत चालतो.) ती जमीन आजही आमच्याच मालकीची आहे. दर उन्हाळ्यात तिच्यावर शेजारच्या रँचरची (गुरं पाळणाऱ्याची) गुरं चरतात, चराईचं भाडं आमच्या खात्यात येतं, आणि उद्या विकायची ठरवली तर कुणालाही विकता येईल. आम्ही सोडले आहेत ते मोजके हक्क: तुकडे पाडून प्लॉट विकण्याचा, नांगर घालण्याचा, खाण काढण्याचा. लँड ट्रस्टला, म्हणजे जमीन राखण्यासाठी उभ्या राहिलेल्या ना-नफा संस्थेलाही, ते वापरता येत नाहीत. ट्रस्टनं ते फक्त कुलपात ठेवायचे आणि कुलूप शाबूत आहे ना, हे दरवर्षी येऊन पाहायचं.

या व्यवस्थेला इथे काँझर्व्हेशन ईझमेंट म्हणतात. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर 'इतर हक्क' या रकान्यात एक बोजा चढतो. सोसायटीचा बोजा कर्ज फिटलं की उतरतो, हा उतरत नाही. जमीन कितीही हातांतून गेली तरी सोबत जातो.

आपल्याकडच्या वकील मंडळींना यात एक मेख लगेच दिसेल. १८८२ च्या भारतीय कायद्यातला सुविधाधिकार शेजारच्या जमिनीच्या मालकाला, त्याच्या जमिनीच्या उपयोगासाठी मिळतो. वाटेचा हक्क, पाटाच्या पाण्याचा हक्क वगैरे. ज्याची बांधालगत जमीनच नाही अशा संस्थेला तो कसा देणार? अमेरिकेतही जुन्या इंग्लिश कायद्याची हीच अडचण होती. ती दूर करण्यासाठी १९८१ मध्ये नमुना कायदा तयार झाला आणि अनेक राज्यांनी तो थोड्याफार फरकानं स्वीकारला. कॅन्ससनं १९९२ मध्ये. म्हणून इथे चार काउंट्यांपलीकडे (काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा) कचेरी असलेला ट्रस्टसुद्धा तुमच्या कुरणावर हक्क धरू शकतो. लँड ट्रस्ट ही कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी. मॅसॅच्युसेट्समधला पहिला असा ट्रस्ट १८९१ सालचा.

आधी गवत समजून घ्या

उत्तर अमेरिकेत एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर उंच गवताची प्रेअरी होती. आज चार टक्क्यांहून कमी उरली आहे आणि तिचा सर्वांत मोठा सलग भाग फ्लिंट हिल्समध्ये आहे. बाकीची मक्याखाली आणि सोयाबीनखाली गेली. ही वाचली ती कुणाच्या पुण्याईनं नव्हे, तर दगडामुळे. इथल्या चुनखडकात चकमकीचे थर आहेत, वर मातीचा पातळ पापुद्रा. नांगर मोडायचे. मग लोकांनी नांगर सोडून गुरं धरली.

या गवताला मोकळं सोडलं तर ते टिकत नाही, ही गोष्ट नवख्या माणसाला पटवणं सर्वांत कठीण. बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विचग्रास ही इथली मुख्य गवतं. मुळं खोल, जीव जमिनीखाली. त्यामुळे वरून आग गेली, गुरांनी खाल्लं, तरी पुन्हा फुटतात. पण आग थांबवली की रेड सीडर नावाचं सदाहरित झाड घुसतं, आणि तीस-चाळीस वर्षांत कुरणाचं रान होतं. मॅनहॅटन गावाजवळच्या कोन्झा प्रेअरी संशोधन केंद्रात हे बदल वर्षानुवर्षं मोजले आहेत. (हे मॅनहॅटन कॅन्ससमधलं. न्यूयॉर्कहून फोन करणारे नातेवाईक अजून गोंधळतात.) म्हणून इथे मार्च-एप्रिलमध्ये रँचर मुद्दाम कुरणं पेटवतात. रात्री डोंगरउतारावर आगीच्या रेघा सरकताना दिसतात, आणि दोन आठवड्यांत काळ्या जमिनीवर हिरवं पोपटी गवत.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा कणा हाच आहे. तुम्ही कामाची जमीन राखताय, देवराई नव्हे. जाळणं, चारणं, कुंपण घालणं, तळं खोदणं हे हक्क करारात नीट राखून ठेवले नाहीत, तर कागदावर कुरण सुरक्षित आणि प्रत्यक्षात सीडरचं जंगल, अशी गत होते.

पहिली पायरी : घरातली बैठक

लोक आधी वकील गाठतात. चूक. आधी घरात बसा. कायमचा या शब्दाचा अर्थ नातवंडांपर्यंत पोचणारा आहे, आणि ज्यांना तो पुढे पाळायचा आहे त्यांना सहीच्या दिवशी पहिल्यांदा कळता कामा नये. आमच्यात तीन कुटुंबं, म्हणजे सहा माणसं आणि पाच मुलं. दोन बैठका नुसत्या एका प्रश्नावर गेल्या: पुढे कुणाला तिथे घर बांधायचं असेल तर? त्याचं उत्तर करारात कसं बसवलं ते पुढे येईलच. शेजारी रँचरचं म्हणणं होतं की वारसांपैकी एकाला गुरं सांभाळायची असतात आणि तिघांना पैसे हवे असतात, तेव्हाच रँच फुटते. ईझमेंटमुळे जमिनीची बाजारातली किंमत उतरते, त्यामुळे सांभाळणाऱ्याला बाकीच्यांचा वाटा विकत घेणं जरा आवाक्यात येतं. आपल्याकडच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही.

कुणाला नको असेल तर थांबा. हे पाऊल मागे घेता येत नाही.

दुसरी पायरी : तुमची जमीन यात बसते का

करसवलत हवी असेल तर अमेरिकेच्या आयकर कायद्याच्या कलम १७०(एच) प्रमाणे चारपैकी एक तरी हेतू सिद्ध व्हावा लागतो: लोकांना वापरता येईल असं मोकळं ठिकाण, वन्यजीवांचा वा वनस्पतींचा नैसर्गिक अधिवास, शेतीसह खुली जमीन, किंवा ऐतिहासिक ठेवा. कुरणाला दुसरा आणि तिसरा लागू पडतो. लोकांना आत येऊ द्यावंच लागतं, हा गैरसमज आहे. अधिवासाच्या हेतूसाठी फाटक उघडं ठेवायची सक्ती नाही.

न नांगरलेलं मूळ गवत असेल तर तुमचं पारडं जड. वसंतात पहाटे ग्रेटर प्रेअरी चिकन या कोंबडीसारख्या पक्ष्याचे नर एका ठरलेल्या उंचवट्यावर जमतात, गळ्याच्या पिशव्या फुगवून घुमतात. तसा उंचवटा जमिनीवर असेल तर नकाशावर नोंदवा आणि फोटो काढून ठेवा. आमच्याकडे आहे. तो पाहताना मला हटकून नान्नजचा माळढोक आठवतो. तिथे १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि हद्दीत लोकांच्या खासगी जमिनीही आल्या. व्यवहार अडले, नाराजी वर्षानुवर्षं राहिली. इथली रीत उलटी. कुणी अधिसूचना काढत नाही, मालक स्वतः येतो आणि बऱ्याचदा त्याचा मोबदलाही घेतो. ती तशीच्या तशी सोलापुरात चालेल असं मी म्हणत नाही. आपल्या माळरानांना महसूल दप्तरानं पिढ्यान्‌पिढ्या पडीक म्हटलं, तिथून सुरुवात करावी लागेल.

तिसरी पायरी : ट्रस्ट निवडणं

फ्लिंट हिल्समध्ये पर्याय बरे आहेत. कॅन्सस लँड ट्रस्ट १९९० पासून आहे. रँचलँड ट्रस्ट ऑफ कॅन्सस २००३ मध्ये पशुपालकांच्या संघटनेच्या पुढाकारानं उभा राहिला, त्यामुळे तिथे गुरांची भाषा बोलावी लागत नाही, ती त्यांचीच आहे. द नेचर काँझर्व्हन्सी ही निसर्गसंवर्धन संस्थाही इथे जुनी. स्ट्राँग सिटीजवळच्या टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हची जवळजवळ ११ हजार एकरांतली बहुतेक जमीन तिच्याच मालकीची आहे आणि राष्ट्रीय उद्यान सेवेसोबत ती सांभाळली जाते. शिवाय केंद्राच्या मत्स्य व वन्यजीव सेवेनं २०११ मध्ये फ्लिंट हिल्स लेगसी काँझर्व्हेशन एरिया सुरू केला. त्यात खुशीनं देणाऱ्यांकडून ईझमेंट विकत घेतात, आणि एकूण मर्यादा ११ लाख एकरांपर्यंतची आखलेली आहे.

दुसऱ्या राज्यात असाल तर लँड ट्रस्ट अलायन्स या ट्रस्टांच्या देशव्यापी संघटनेच्या सदस्यांतून शोध घ्या आणि ट्रस्टला मान्यता आयोगाचं मानांकन आहे का ते विचारा. मग समोर बसून हे प्रश्न विचारा: आजवर किती ईझमेंट धरल्या? किती वेळा कुणी अट मोडली आणि तुम्ही काय केलं? कोर्टात जायची वेळ आली तर पैसा कुठून आणाल? तुम्हीच बंद पडलात तर माझा करार कुणाकडे जाईल? शेवटच्या प्रश्नाला जो ट्रस्ट शांतपणे, नाव घेऊन उत्तर देतो तो चांगला. आणि भेटायला आलेल्या माणसाला गवताची नावं येतात का, ते हळूच पाहा. मी पाहिलं होतं.

चौथी पायरी : जुने कागद उकरणं

इथे आमचे तीन महिने गेले, त्यामुळे जरा थांबून सांगतो.

सर्च रिपोर्ट काढला, मालकी स्वच्छ निघाली. पण दोन पिढ्यांपूर्वीच्या एका खरेदीखतात ओळ सापडली: विकणाऱ्यानं खाली असलेल्या तेल-वायूचा अर्धा हक्क स्वतःकडे ठेवला होता. कॅन्ससमध्ये हे सर्रास असतं. जमिनीचा मालक एक, जमिनीखालचा दुसरा. आम्ही खरेदीच्या वेळी ती ओळ वाचली होती आणि सोडून दिली होती. खनिजहक्क दुसऱ्याकडे असेल, तर पृष्ठभागावर खाण निघण्याची शक्यता नगण्य आहे असा भूवैज्ञानिकाचा अहवाल लागतो, नाहीतर करसवलत धोक्यात. वीस वर्षं न वापरलेला खनिजहक्क ठरावीक नोटीस देऊन जमीनमालकाकडे परत आणण्याची तरतूद कॅन्ससच्या कायद्यात आहे. आमच्या वकिलानं दोन्ही वाटा धरल्या. तुम्ही पहिल्याच आठवड्यात खनिजाचा वेगळा शोध घ्या. साध्या मालकीहक्काच्या विम्याच्या कागदांत तो नीट येईलच असं नाही.

जमिनीवर कर्ज असेल तर बँकेकडून लेखी घ्यावं लागतं की आपलं गहाण या ईझमेंटच्या मागे राहील. ही निव्वळ 'ना हरकत' नाही. उद्या बँकेनं जमीन जप्त केली तरी ईझमेंट शाबूत राहावी, यासाठी तो कागद आहे. तो ईझमेंट देण्याच्या आधी वा त्याच वेळी झालेला हवा. नंतर आणला तर कराच्या दृष्टीनं उपयोग नाही. पवनचक्कीचे जुने भाडेकरार, पाइपलाइनची वाट, शिकारीचे हक्क, हेही तपासा.

एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, इथे ती अट नाही, म्हणून एच-१बी वर असलेली बरीच मुलं ऐंशी-शंभर एकर घेऊन मोकळी होतात. १९७८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसलेल्यानं शेतजमीन घेतली तर ९० दिवसांत कृषी खात्याला एफएसए-१५३ हा फॉर्म द्यावा लागतो. अगदी छोट्या तुकड्यांना सूट आहे, पण ऐंशी-शंभर एकरांच्या कुरणाला ती मिळत नाही. दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. राज्यांचे स्वतंत्र निर्बंधही अलीकडे वाढले आहेत. ईझमेंटच्या वेळी सगळे कागद उघडे पडतात, तेव्हा हे राहिलं असेल तर आधी निस्तरा.

पाचवी पायरी : पैशाचं गणित

ईझमेंटची किंमत 'आधी आणि नंतर' या पद्धतीनं काढतात. निव्वळ उदाहरण म्हणून धरू: ३२० एकर, बोज्याआधी एकरी २,५०० डॉलर, म्हणजे ८ लाख. बोज्यानंतर एकरी १,७५०, म्हणजे ५ लाख ६० हजार. फरक २ लाख ४० हजार डॉलर. ही ईझमेंटची किंमत.

ती पूर्ण दान केली, तर उत्पन्नातून वजावट मिळते. सर्वसाधारण दात्याला वर्षाला उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली पुढच्या १५ वर्षांत. ज्याचं निम्म्याहून जास्त ढोबळ उत्पन्न शेती-पशुपालनातून येतं त्याला १०० टक्क्यांपर्यंत, मात्र जमीन शेती वा पशुपालनासाठी उपलब्ध राहील अशी अट करारात असावी लागते. ही व्यवस्था २०१५ अखेरीस कायम झाली. वरच्या उदाहरणात दीड लाख उत्पन्नाचा नोकरदार वर्षाला ७५ हजार वजा करेल आणि चौथ्या वर्षी रक्कम संपेल. ६० हजार उत्पन्नाच्या रँचरलाही चारच वर्षं लागतील, पण त्या चार वर्षांत त्याचं पूर्ण उत्पन्न वजा होईल. ही करातली सूट आहे, हातात येणारा चेक नाही. आमच्या एका भागीदाराला हे तिसऱ्या बैठकीत उमगलं.

जमीन घेऊन वर्ष झालेलं नसेल तर वजावट तुमच्या खरेदीच्या मूळ खर्चापुरती मर्यादित होते, म्हणून घाई करू नका. लागून तुमची किंवा कुटुंबाची आणखी जमीन असेल तर तिची किंमत ईझमेंटमुळे वाढते का, हेही अप्रेझरनं (किंमत ठरवणाऱ्या मूल्यांककानं) धरायला हवं. अहवाल दानाच्या तारखेच्या ६० दिवसांहून आधीचा चालत नाही. विवरणपत्रासोबत फॉर्म ८२८३ जातो, त्यावर अप्रेझरची आणि ट्रस्टची सही लागते. आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, मोठी दानं नुसत्या आकड्यासाठी नव्हे, कागदाच्या त्रुटीसाठीही पाडतं. ईझमेंटचा अनुभव नसलेला अप्रेझर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

नुसतं दान परवडत नसेल, आणि बहुतेक रँचरांना परवडत नाही, तर विक्री. केंद्राच्या कृषी खात्यातल्या एनआरसीएस या माती-पाणी संवर्धनाच्या कचेरीचा, २०१४ च्या फार्म बिलातून (शेतीच्या केंद्रीय कायद्यातून) आलेला कार्यक्रम शेतजमिनीच्या ईझमेंटची निम्म्यापर्यंत किंमत देतो आणि विशेष पर्यावरणीय महत्त्वाच्या गवताळ जमिनीला तीन चतुर्थांशांपर्यंत. अर्ज मालकानं नव्हे, ट्रस्टनं करायचा असतो. उरलेला भाग ट्रस्ट जमवतो किंवा मालक दान म्हणून सोडतो. त्यात अटी जास्त आणि वाट पाहणं लांब. विक्रीच्या पैशावर कर आहे.

मालक गेल्यावरच्या वारसा करातही ईझमेंटखालच्या जमिनीच्या किमतीतून ४० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ५ लाख डॉलर, वगळता येतात. घरपट्टीसारख्या स्थानिक करात मात्र फार बदल अपेक्षू नका. कॅन्ससमध्ये शेतजमिनीवर तो बाजारभावानं नव्हे, उत्पादनक्षमतेवर बसतो, त्यामुळे आधीच कमी असतो. कोलोरॅडो आणि व्हर्जिनियामध्ये राज्याच्या करात स्वतंत्र श्रेय मिळतं आणि ते दुसऱ्याला विकताही येतं.

खर्चही आहे. अप्रेझर, मोजणी, वकील, खनिज अहवाल, आणि ट्रस्टच्या देखरेख निधीसाठी रोख रक्कम. एकूण आकडा सहज पाच अंकी होतो. हा निधी मागितला म्हणून रागावू नका. शंभर वर्षं दरवर्षी कुणीतरी येऊन पाहणार, त्याचं पेट्रोल त्यातून येतं. जो ट्रस्ट मागत नाही त्याच्याकडे मी जाणार नाही.

आता धोक्याची घंटा. "एक डॉलर गुंतवा, चार-पाच डॉलरची वजावट घ्या" असं सांगणारे लोक आपल्या गटांतही फिरतात. पन्नास जणांची भागीदारी, फुगवलेलं मूल्यांकन आणि नावापुरती ईझमेंट. अशा योजनांमागे आयआरएस २०१६-१७ पासून हात धुऊन लागलं आहे. २०२२ च्या कायद्यानं भागीदारीला, गुंतवणुकीच्या अडीच पटींहून जास्त वजावट बंद केली. तीन वर्षं धरलेली जमीन आणि कौटुंबिक भागीदारी यांना अपवाद आहे. आमची जमीन आम्हा तीन कुटुंबांच्या एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर आहे, म्हणून हा नियम आम्हीही तपासला. वरच्या उदाहरणात वजावट जमिनीच्या किमतीच्या तीस टक्के आहे. खरंखुरं कुरण अडीच पटींच्या जवळपासही जात नाही. करकायदा हलत राहतो, तेव्हा सहीच्या वर्षीचे नियम सीपीएकडून (इथल्या सीएकडून) घ्या, माझ्याकडून नाही.

सहावी पायरी : करार लिहिणं

ट्रस्ट तुम्हाला आपला नमुना देईल. तो तसाच सही करण्यासाठी नसतो. काय सोडायचं ते नमुन्यात नीट लिहिलेलं असतं. तुमची मेहनत काय राखायचं, यावर.

आम्ही एकेक कलम घेऊन विचारलं की तीस वर्षांनी इथे गुरं सांभाळणाऱ्या अनोळखी माणसाला काय काय करावं लागेल. नियोजनपूर्वक जाळणी, हे स्पष्ट शब्दांत लिहून घेतलं. चराई लिहिली, पण गुरांची संख्या आकड्यात बांधली नाही. फ्लिंट हिल्समध्ये कुणी पूर्ण उन्हाळा चारतो, कुणी दुप्पट गुरं घालून मध्य जुलैला काढून घेतो, कुणी दरवर्षी कुरणाचा वेगळा तुकडा जाळून गुरांना त्यामागे फिरू देतो. पुढची पद्धत कोणती येईल ते आपल्याला ठाऊक नाही. म्हणून आकड्याऐवजी गवताची स्थिती हा निकष ठेवला आणि मतभेद झाल्यास कुणाचं मत घ्यायचं ते लिहिलं. कुंपण, गुरांचे कोंडवाडे, पाण्याच्या टाक्या, तळ्यातला गाळ काढणं, सीडर तोडणं यांना दरवेळी परवानगी लागू नये. सेरिसिया लेस्पेडेझा हे आशियातून आलेलं तण इथला मोठा शत्रू आहे, त्यावर फवारणीचा हक्कही ठेवला. नमुन्यात रसायनांवर सरसकट बंदी होती. चांगल्या हेतूनं लिहिलेलं ते एक कलम कुरण मारू शकलं असतं.

घराचा प्रश्न असा सुटला: रस्त्यालगत, प्रेअरी चिकनच्या उंचवट्यापासून लांब, तीन एकरांचा चौकोन मोजून आखला. घर, गोठा, शेड जे काही होईल ते त्यात. एनआरसीएसचे पैसे घेणार असाल तर पक्क्या बांधकामानं झाकलेली जमीन साधारण दोन टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. ३२० एकरांवर ती ६.४ एकर. तुकडे किती पाडता येतील तेही ठरवा. आम्ही शून्य लिहिलं. मोठी रँच असेल तर भावंडांसाठी दोन भागांची मुभा ठेवणं शहाणपणाचं.

पवनचक्क्यांवर बरीच चर्चा झाली. भाडं चांगलं मिळतं, आणि स्वच्छ विजेला नाही म्हणताना मनाला खटकतं. पण रस्ते, पाया, तारा यांनी गवत तुटतं, आणि प्रेअरी चिकनसारखे पक्षी उंच उभ्या गोष्टींपासून दूर राहतात. आम्ही मोठ्या पवनचक्क्या सोडल्या, घरापुरती वीज राखली. याबद्दल तुमचं उत्तर वेगळं असू शकतं, पण ते करारात हवं, मोघम नको.

'कायमस्वरूपी' हा शब्दही ठळक लिहून घ्या. केंद्राची करसवलत कायमच्या ईझमेंटलाच आहे. नॉर्थ डकोटात तर कायमची ईझमेंट देताच येत नाही, ९९ वर्षांची मर्यादा आहे.

सातवी पायरी : पंचनामा, सही, नोंदणी

सहीआधी जमिनीची आजची स्थिती नोंदवावी लागते. त्याला बेसलाइन म्हणतात, मी पंचनामा म्हणतो. नकाशे, दिशा आणि जीपीएस लिहिलेले फोटो, गवतांची यादी, कुंपणं, इमारती, तळी, तणाचे पट्टे. मालक आणि ट्रस्ट दोघं सही करतात. या दिवशी स्वतः सोबत फिरा. आमच्या पंचनाम्यात दगडी कुंपणाची पडकी भिंत राहून जात होती. ती नोंदली नसती, तर पुढे कुणीतरी विचारलं असतं की भिंत कुठे गेली. पुढे काय बदललं हे ठरवण्याचा मुख्य आधार हाच कागद. फोटो काढायला सप्टेंबर उत्तम, ब्लूस्टेम माणसाच्या उंचीची असते. पण तण आणि पायवाटा पाहायच्या तर जाळणीनंतरचा एप्रिल.

मग सह्या, नोटरी, आणि काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्स कचेरीत नोंदणी. कॅन्ससमध्ये १०५ काउंट्या आहेत. जमीन दोन काउंट्यांत असेल तर दोन्हीकडे नोंदवा. नोंदणीच्याच तारखेला दान झालं असं धरतात, म्हणून ३१ डिसेंबरच्या तोंडावर ठेवू नका. पहिल्या बैठकीपासून इथवर वर्ष-दीड वर्ष धरा, सरकारी पैसे असतील तर जास्त.

त्यानंतर

दरवर्षी एकदा ट्रस्टचा माणूस येतो. आधी फोन करतो, गाडीत पाण्याची बाटली आणि मागच्या वर्षीचे फोटो असतात, त्याच जागांवर उभं राहून पुन्हा काढतो. आपण सोबत जावं. दोन तासांत काम होतं. करारात 'कळवून करायचं' असं लिहिलेलं काही करणार असाल तर पत्र आधी पाठवा, बुलडोझर नंतर. चराईचा करार दुसऱ्या रँचरशी झाला की त्यालाही ईझमेंटची प्रत द्या, कारण अट त्यानं मोडली तरी जबाबदार तुम्हीच.

जमीन विकायची झाली तर ट्रस्टला कळवायचं, आणि घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगायचं. गेल्या वसंतात आमच्या बांधापलीकडची जमीन बाजारात आली. घ्यायला आलेला रँचर चुकून आमच्या फाटकाशी थांबला, आणि ईझमेंटचं ऐकून त्यानं विचारलं एवढंच, की जाळायला परवानगी आहे ना. आहे म्हटलं. मग त्यानं आमच्या तळ्याची खोली विचारली.